डेव्हिड बोवीने आपली गाणी गहाण का ठेवली?

१९९७ सालच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या प्रूडेन्शियल या विमा कंपनीने ५ कोटी ५० लाख डॉलरचे कर्जरोखे विकत घेतले. विमा कंपन्या असे रोखे घेतच असतात. लोकांच्या पॉलिसीचे पैसे वीस-तीस वर्षांनी द्यायचे असतात, तोवर ते सुरक्षित जागी गुंतवून ठरलेलं व्याज मिळवायचं, हा त्यांचा धंदाच आहे. पण या रोख्यांच्या मागे कारखाना नव्हता, इमारत नव्हती, सरकारची हमीही नव्हती. होती ती गाणी. नुकतीच पन्नाशी गाठलेल्या डेव्हिड बोवी या इंग्लिश रॉक गायकाने आपल्या १९९० पूर्वीच्या २५ अल्बमांची पुढची कमाई तारण ठेवली होती.

बोवीबद्दल बोलताना लोक त्याच्या रूपांपासून सुरुवात करतात. १९७२ मधला लाल केसांचा, परग्रहावरून उतरल्यासारखा झिगी स्टारडस्ट. मग चेहऱ्यावर विजेचा लोळ रंगवलेला गायक. मग पांढरा शर्ट आणि काळं जाकीट घातलेला फिकट, कृश माणूस. बहुरूप्यासारखा तो सोंग घ्यायचा आणि ते पुरतं वठलं की टाकून द्यायचा. हे सगळं खरं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण त्याची पन्नास वर्षांची कारकीर्द समजून घेताना मला दुसरा, जरा रुक्ष वाटणारा प्रश्न जास्त उपयोगी पडला. गाणं कोणाच्या मालकीचं असतं?

कायद्याच्या नजरेत एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. ती लिहिणाऱ्याची, आणि त्याने जिला ती सोपवली असेल त्या प्रकाशक कंपनीची. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण. अमुक दिवशी, अमुक स्टुडिओत, अमुक माणसांनी ती रचना वाजवली, त्याची मूळ प्रत. धंद्यात तिला 'मास्टर' म्हणतात. मुद्रणाला पैसे लावणारी रेकॉर्ड कंपनीच बहुधा मास्टरची मालक असते आणि गायकाला विक्रीतला ठरलेला हिस्सा, म्हणजे रॉयल्टी मिळते.

उदाहरणाने हे चटकन कळेल. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये निर्वाणा या अमेरिकन बँडने न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीसाठी एक मैफल केली. तिच्यात बँडचा गायक कर्ट कोबेनने 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' गायलं. केबल टीव्हीबरोबर वाढलेल्या माझ्या पिढीतल्या कित्येकांना ते निर्वाणाचंच गाणं वाटायचं. ते बोवीचं आहे, १९७० सालचं. निर्वाणाच्या त्या मैफलीची सीडी विकली गेली की मास्टरचे पैसे निर्वाणाच्या कंपनीकडे जायचे आणि रचनेचे बोवीच्या खात्याकडे. त्या मुद्रणात बोवीने एक सूरही लावलेला नाही, तरीसुद्धा. म्हणून जो स्वतः लिहितो आणि स्वतः गातो त्याच्या हातात दोन दोऱ्या असतात. जो फक्त गातो किंवा वाजवतो त्याच्या हातात एकच, तीही बहुधा दुसऱ्या कोणीतरी धरलेली.

बोवीला याचा पहिला धडा मिळाला तो वयाच्या एकविसाव्या वर्षी. डेव्हिड रॉबर्ट जोन्स हे त्याचं मूळ नाव. जन्म ८ जानेवारी १९४७ रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन भागात, बालपण ब्रॉम्ली या उपनगरात. शाळकरी वयात सॅक्सोफोन, मग एकामागून एक फसलेले बँड. द मंकीज या लोकप्रिय बँडमध्ये डेव्ही जोन्स नावाचा गायक होता, म्हणून याने आडनाव बदलून बोवी केलं. १९६७ चा पहिला अल्बम कोणी फारसा विकत घेतला नाही. १९६८ मध्ये एका फ्रेंच गाण्याच्या चालीवर इंग्रजी शब्द लिहून द्यायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने ते लिहिले, पण पसंत पडले नाहीत. त्याच चालीचे हक्क पॉल अँका या कॅनेडियन गायकाने घेतले, स्वतःचे शब्द लिहिले आणि फ्रँक सिनात्राने ते गायलं. ते 'माय वे', जगात सर्वाधिक गायल्या गेलेल्या गाण्यांपैकी एक. बोवीला त्यातला छदामही मिळाला नाही. चाल दुसऱ्याची, शब्द नाकारलेले, मग मिळणार कशातून?

त्या चिडीतून त्याने तशाच वळणाच्या स्वरसंगतीवर स्वतःचं गाणं रचलं. १९७१ च्या 'हंकी डोरी' अल्बममधलं हे 'लाइफ ऑन मार्स?', आणि वेष्टनावर त्याने 'फ्रँकीपासून', म्हणजे सिनात्रापासून, 'प्रेरित' असं टिपूनही ठेवलं. माझ्या मते त्याने लिहिलेलं हे सर्वांत सुंदर गाणं आहे. त्यातला पियानो रिक वेकमनचा, व्हायोलिन-चेलोंची मांडणी मिक रॉन्सनची. ती दोघं नसती तर हे गाणं आज आपण ऐकतो तसं झालं नसतं. पण रचनेवर नाव एकट्या बोवीचं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ही व्यवस्था किती कठोर आहे ते रॉन्सनच्या बाबतीत उघड दिसतं. उत्तर इंग्लंडमधल्या हल शहरातून आलेला हा गिटारवादक. झिगी स्टारडस्टच्या काळातला तो धारदार गिटार त्याचा, वाद्यमेळाच्या मांडणीतही त्याचा मोठा हात. पण मांडणी करणाऱ्याला रचनेचा हक्क मिळत नाही. आपल्याकडच्या चित्रपटसंगीतातल्या अरेंजरांचंही हेच झालं. बँडमधले बाकीचे दोघे, बासवर ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमवर वूडी वूडमन्सी, आठवड्याच्या पगारावर होते. अमेरिकेच्या दौऱ्यावर नव्याने घेतलेल्या माइक गार्सन या पियानोवादकाला आपल्या कितीतरी पट मानधन आहे हे त्यांना गप्पांच्या ओघात त्याच्याकडूनच कळलं आणि भांडण पेटलं. ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनच्या मंचावर बोवीने 'हा आमचा शेवटचा कार्यक्रम' असं जाहीर केलं, तेव्हा बोल्डर आणि वूडमन्सीला त्याची आधी कल्पनाही नव्हती. झिगीचा तो नाट्यमय अंत म्हणून जो सांगितला जातो, त्यात दोन माणसांची नोकरीही गेली होती. बोवीवरचं माझं प्रेम यामुळे कमी होत नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही.

आणि गंमत पाहा, त्याच काळात बोवी स्वतःही नाडला जात होता. त्याचा मॅनेजर टोनी डिफ्रीस. याने मेनमन नावाची कंपनी काढली होती. बोवीची समजूत होती की कंपनी निम्मी आपली आहे. प्रत्यक्षात ती डिफ्रीसची होती. निम्मी वाटणी होती ती फक्त बोवीने कमावलेल्या पैशांत, आणि तीही मेनमनचा सगळा खर्च बोवीच्या हिश्शातून वजा झाल्यावर. न्यूयॉर्कमधलं कार्यालय, माणसं, गाड्या, हॉटेलं, सगळं त्याच्याच नावे मांडलं जायचं. जगभर ज्याचे रेकॉर्ड खपत होते तो माणूस १९७४ च्या अखेरीस जवळजवळ कफल्लक होता.

१९७५ च्या सुरुवातीला दोघं वेगळे झाले. तडजोड अशी की आधी झालेल्या मुद्रणांत डिफ्रीसचा वाटा कायम राहील, आणि पुढे १९८२ पर्यंत बोवी जे कमावेल त्यातही त्याला टक्केवारी मिळेल. म्हणजे न लिहिलेल्या गाण्यांवरसुद्धा.

मात्र याच डिफ्रीसने एक गोष्ट अशी करून ठेवली होती, जी पुढे बोवीच्या कामी आली. आरसीए या रेकॉर्ड कंपनीला त्याने मास्टर विकली नव्हती. ठरावीक मुदतीसाठी वापरायला दिली होती. कोकणात बाग खंडाने देतात, तसंच. मोहोर पाहून व्यापारी पैसे मोजतो, त्या हंगामाचा आंबा त्याचा, पण झाडं बागायतदाराचीच राहतात. त्या काळी बहुतेक गायक झाडंच तोडून देत होते. बोवीची झाडं शाबूत राहिली, फक्त त्यांत एक भागीदार होता.

मधल्या बर्लिनच्या वर्षांवर ग्रंथ लिहिले गेले आहेत, मी थोडक्यात सांगतो. लॉस एंजेलिसमध्ये कोकेनने पोखरलेला बोवी १९७६ मध्ये आपला मित्र, अमेरिकन रॉक गायक इगी पॉपला घेऊन पश्चिम बर्लिनला गेला. शोनेबर्ग भागात एका मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानाच्या वर राहू लागला. संगीतकार ब्रायन ईनो आणि निर्माता टोनी व्हिस्कोंटी यांच्या साथीने त्याने 'लो' आणि 'हीरोज' हे अल्बम केले, दोन्ही १९७७ चे. बर्लिनच्या भिंतीजवळच्या हान्सा स्टुडिओच्या खिडकीतून पाहिलेलं एका जोडप्याचं चुंबन 'हीरोज' या गाण्यात आलं. आज ते त्याचं सर्वांत ओळखीचं गाणं आहे, पण तेव्हा ब्रिटनच्या खपाच्या यादीत २४ व्या क्रमांकापुढे सरकलं नाही. हे लक्षात ठेवायला हवं. गाण्याची किंमत पहिल्या वर्षी ठरत नाही, आणि म्हणूनच त्याच्या मालकीला महत्त्व असतं.

बर्लिनच्याच काळातली एक गोष्ट मला फार जवळची आहे. त्या सुमारास बोवी आणि इगीने मिळून इगीच्या अल्बमसाठी 'चायना गर्ल' हे गाणं लिहिलं. ते चाललं नाही. पुढे इगीचे दिवस वाईट आले, पैशांची चणचण होती. १९८३ मध्ये बोवीने तेच गाणं आपल्या आवाजात पुन्हा मुद्रित केलं. ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं. रचनेवर दोघांची नावं असल्याने निम्मा हिस्सा आपोआप इगीकडे वाहू लागला आणि त्याची घडी बसली. मित्राला पैसे देऊ केले असते तर कदाचित त्याने घेतले नसते. घेतले तरी एकदाच मिळाले असते. त्याचं गाणं गाणं ही मदतीची किती देखणी रीत.

हे गाणं ज्या अल्बमवर होतं तो 'लेट्स डान्स', एप्रिल १९८३ चा, निर्माता नाइल रॉजर्स. बोवीच्या आयुष्यातला सर्वाधिक खपाचा अल्बम. आता तारखा पाहा. १९८० नंतर बोवीने तीन वर्षांत नवा अल्बम काढला नव्हता. डिफ्रीसची टक्केवारी १९८२ मध्ये संपली. मग त्याने आरसीए सोडून ईएमआयशी करार केला, त्या वेळच्या बातम्यांनुसार १ कोटी ७० लाख डॉलरचा, आणि लगेच हा अल्बम आला. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

पुढचं दशक सर्जनाच्या दृष्टीने उतरतीचं. १९८४ आणि १९८७ चे अल्बम त्याला स्वतःलाही आवडले नाहीत. मग टिन मशीन नावाच्या बँडमध्ये त्याने चौघांतला एक म्हणून राहून पाहिलं. पैसा होता, नाव होतं. तरी जुन्या मास्टरमध्ये डिफ्रीसचा वाटा सलत होता. तो विकत घ्यायला एकरकमी मोठी रक्कम हवी होती.

इथे आपण पुन्हा १९९७ ला येतो. मोठी रक्कम उभी करायची तर सरळ मार्ग म्हणजे गाण्यांचे हक्क विकणे. पण मग बाग गेली, आणि विक्रीच्या नफ्यावर करही आला. डेव्हिड पुलमन या न्यूयॉर्कच्या बँकरने दुसरी वाट काढली. घरकर्जांच्या बाबतीत अमेरिकेत ती १९७० च्या दशकापासून रुळलेली होती. हजारो लोकांचे कर्जाचे हप्ते दर महिन्याला येणारच, मग त्या येणाऱ्या पैशांच्या जोरावर आजच रोखे विकायचे. बोवीची रॉयल्टीही अशीच होती. वर्षानुवर्षं कुठे ना कुठे गाणी वाजत होती, रेकॉर्ड आणि सीडी खपत होत्या आणि ठरलेल्या तारखांना पैसे येत होते.

योजना साधारण अशी होती. जुन्या गाण्यांची सगळी कमाई बोवीच्या खिशात न जाता एका वेगळ्या कायदेशीर खात्यात जमा होणार. तिथून आधी रोखेधारकाचं व्याज आणि मुद्दल फेडलं जाणार. व्याजाचा दर ७.९ टक्के, म्हणजे पूर्ण रकमेवर वर्षाला साधारण ४३ लाख डॉलर. अमेरिकी सरकारचे दहा वर्षांचे रोखे तेव्हा साडेसहा टक्क्यांच्या आसपास देत होते, त्यामुळे विमा कंपनीला हा दर आकर्षक होता. कमाई कमी पडली आणि हप्ते थकले, तर गाण्यांचे हक्क रोखेधारकाकडे जाणार. सगळं फिटलं, तर हक्क पुन्हा मोकळे होऊन बोवीकडे. मूडीज या पतमापन संस्थेने या रोख्यांना बऱ्यापैकी भरवशाचा दर्जा दिला. ईएमआयने जुन्या अल्बमांच्या वितरणाच्या नव्या करारात दिलेली हमी त्यामागे होती. शिवाय कर्जाऊ आलेले पैसे हे उत्पन्न नसतं, त्यामुळे त्यावर लगेच कर नव्हता.

म्हणजे झाडं आपली, फक्त पुढच्या दहा वर्षांचा आंबा आज घेतलेल्या पैशांपोटी बांधलेला. आलेल्या रकमेतला मोठा भाग डिफ्रीसचा वाटा विकत घेण्यात गेला असं सांगितलं जातं. त्या झाडांतला भागीदार कायमचा गेला. रोख्यांना 'बोवी बाँड' हे नाव पडलं. पुढे जेम्स ब्राउन आणि आयस्ली ब्रदर्स या अमेरिकन गायकांनीही तोच मार्ग धरला.

मग हवामान बदललं. १९९९ मध्ये नॅप्स्टर आलं आणि लोक गाणी फुकटात एकमेकांना पाठवू लागले. सीडीचा खप घसरू लागला. २००४ मध्ये मूडीजने बोवीच्या रोख्यांचा दर्जा खाली आणला, इतका की आणखी एक पायरी उतरले असते तर त्यांना 'जंक', म्हणजे बेभरवशाचे म्हटलं गेलं असतं. रोखे विकत घेणाऱ्यांना हे वादळ दिसलं नव्हतं. बोवीला ते दिसत होतं. १९९६ मध्येच त्याने एक गाणं इंटरनेटवरून उतरवून घेण्यासाठी दिलं होतं, १९९८ मध्ये बोवीनेट नावाने स्वतःची इंटरनेट सेवा काढली होती. १९९९ मध्ये बीबीसीवर मुलाखतकार जेरेमी पॅक्समनला तो इंटरनेट समाजाला किती खोलवर हलवणार आहे ते समजावत होता आणि पॅक्समनचा त्यावर विश्वास बसत नव्हता. २००२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला त्याने सांगितलं की संगीत लवकरच नळाच्या पाण्यासारखं किंवा विजेसारखं होईल. आज मोबाइलवर महिन्याची वर्गणी भरून आपण गाणी ऐकतो, तेव्हा ते शब्द तंतोतंत आठवतात. स्वामित्वहक्कच दहा वर्षांत संपेल हे त्याचं दुसरं भाकीत मात्र चुकलं, आणि त्याच्याच वारसांसाठी ते चुकलं हे बरं झालं.

घसरणीच्या त्या वर्षांतही एकही हप्ता चुकला नाही. रोखे २००७ मध्ये मुदतीत फिटले आणि बाग मोकळी झाली.

आता पाहा त्याचा उपयोग कसा झाला. २००४ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या एका महोत्सवात गायल्यानंतर बोवीच्या हृदयावर उपचार करावे लागले. त्यानंतर त्याने पुन्हा कधी दौरा काढला नाही. बहुतेक रॉक गायकांची उतारवयातली कमाई दौऱ्यांवर चालते. गुडघे दुखोत, आवाज बसो, गाडीत बसावंच लागतं. बोवी न्यूयॉर्कमध्ये पत्नी इमान आणि मुलीसोबत शांत राहिला, जवळजवळ दहा वर्षं. मुलाखती नाहीत, नवे अल्बम नाहीत. ८ जानेवारी २०१३ ला, सहासष्टाव्या वाढदिवशी, कसलीही जाहिरात न करता त्याने पहाटे एक नवं गाणं जगासमोर ठेवलं. बर्लिनच्या आठवणींचं, थकल्या आवाजातलं. वादकांकडून गुप्ततेची लेखी हमी घेऊन दोन वर्षं त्याने हे काम चालवलं होतं. कोणाला बांधील नसलेल्या माणसालाच हे परवडतं.

नंतर कर्करोगाचं निदान झालं. तेही त्याने जवळच्या मोजक्या माणसांपलीकडे कोणाला कळू दिलं नाही. डॉनी मॅकास्लिन या सॅक्सोफोनवादकाच्या जॅझ मंडळींना घेऊन तो 'ब्लॅकस्टार' करत राहिला. सूत्र नसलेलं, दहा मिनिटांचं शीर्षकगीत, मध्येच तुटणारे ताल. कोणत्याही कंपनीच्या विक्री विभागाला धडकी भरावी असा अल्बम. ८ जानेवारी २०१६ ला तो आला आणि दोन दिवसांनी, १० जानेवारीला, बोवी गेला. अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेला हा त्याचा पहिला अल्बम. ही यादी त्याने पाहिली नाही.

जानेवारी २०२२ मध्ये, त्याच्या पंचाहत्तराव्या जन्मदिनाच्या काही दिवस आधी, वारसांनी रचनांचे हक्क वॉर्नर चॅपल या प्रकाशक कंपनीला विकले. बातम्यांनुसार किंमत २५ कोटी डॉलरहून जास्त होती. ध्वनिमुद्रणांच्या वापराचा करार त्याआधीच्या वर्षी वॉर्नर म्युझिकशी वेगळा झाला होता. दोन मालमत्ता, दोन व्यवहार.

तिसरी एक मालमत्ता राहिली होती, ती त्याने आयुष्यभर जपून ठेवलेल्या वस्तूंची. पोशाख, वाद्यं, पत्रं, कात्रीने कापून जुळवलेल्या ओळींचे कपटे, असे ९०,००० हून अधिक नग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आले. सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्व लंडनमधल्या संग्रहालयाच्या नव्या भांडारात त्यासाठी केंद्र उघडलं. आधी नोंदणी केली तर कोणीही सामान्य माणूस त्यातल्या वस्तू टेबलावर मागवून जवळून पाहू शकतो. 'हीरोज'चे हाताने लिहिलेले शब्द त्या संग्रहात आहेत. कागद आता संग्रहालयाचा आहे आणि त्यावरचं गाणं वॉर्नर चॅपलचं. अक्षर मात्र ब्रॉम्लीच्या त्या मुलाचं आहे, आणि संधी मिळेल तेव्हा मला ते पाहायला जायचं आहे.